माघारीचा रस्ता

रविवार, १ डिसेंबर

सुभेदार म्हणून सैन्यातून निवृत्त होऊन आज तीन वर्षं झाली. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, तिथं लागलेली डायरीची सवय सुटलेली नाही. हल्ली मी गावचा उपसरपंच असल्यामुळे काही मजकूर गोपनीयही असतो, म्हणून डायरी कपाटात कुलपात ठेवतो. किल्ली देवघरातल्या कोनाड्यात. कुणाला ठाऊक नाही.

आज जेवताना मंगलनं बातमी दिली.

"आवं, संघटनेनं माझं नाव घातलंय. सात शनिवार सांगलीला जायाचंय."

"कशाला?"

"नेतृत्व शिकायला. आन आपलं म्हणणं सरकारदरबारी कसं मांडायचं त्ये."

मला ठसका लागला. तिनं पाणी दिलं, पाठ चोळली, आणि उत्तराची वाट न बघता भाकरी वाढली. सातारा-सांगली मिळून दोनशे-अडीचशे गावांत काम असलेली ही महिला संघटना. आमच्या पिंपळओढ्यातून दोघी निवडल्या, मंगल आणि वस्तीवरची राहीबाई. आता मंगल स्वभावानं गरीब. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्यासमोर कधी वरच्या पट्टीत बोलली नाही. ती नेतृत्व काय करणार? शिवाय एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि या घरात एक आहेच.

तरी परवानगी दिली. एस.टी. दोनदा बदलावी लागते म्हणून माझ्या ओमनीतून नेण्या-आणण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली.

शनिवार, ७ डिसेंबर

पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं. पाच पस्तीसला राहीबाई आली. मी गळ्यातली शिट्टी वाजवून घड्याळ दाखवलं.

"सुभेदार," ती म्हणाली, "मेंढरांना घड्याळ कळंना झालंय. तुमी येऊन सांगा की त्यास्नी."

राहीबाई मूळची माणदेशातली. नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन दर साल खाली यायची, दहा वर्षांपूर्वी आमच्याकडेच राहिली. शिक्षण चौथी, जीभ मात्र एम. ए. कराडपासून सांगलीपर्यंत दोघी मागं बसून हसत होत्या. काय म्हणून विचारलं तर "काय न्हाई" म्हणाल्या. उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्ता तुंबलेला, त्यामुळे मला मागं लक्ष देता आलं नाही.

शिकवणाऱ्या बाई रेश्मा, वय तीस-बत्तीस. मला काका म्हणाल्या आणि पुरुषांनी बाहेर थांबावं असं गोड बोलून सांगितलं. मी खिडकीखालच्या बाकावर बसलो. भडंगाचा पुडा घेतला होता. आत पहिला धडा काय? तर प्रत्येकीनं आपलं नाव सांगायचं. नवऱ्याचं नाही, गावाचं नाही, नुसतं स्वतःचं. एवढ्याला पाऊण तास. सैन्यात पाऊण तासात पूल उभा करतात.

मंगलचा आवाज मात्र खिडकीबाहेर स्वच्छ ऐकू आला. घरात एवढा येत नाही.

मंगळवार, १० डिसेंबर. गोपनीय

व्यायामशाळेचं साहित्य मंजूर झालं. गावातली पोरं भरतीची तयारी करतात, म्हणजे पहाटे अंधारात हायवेच्या कडेनं ट्रॉल्यांमधून पळतात. एक दिवस काहीतरी वाईट घडेल ही धास्ती मला दोन वर्षं आहे. त्यांना एक छप्पर मिळालं तर माझं निवृत्त होणं सार्थकी लागेल. हे मी मनापासून लिहितोय.

प्रश्न जागेचा. सरपंच इंद्रजितशी बोललो. दोन पर्याय आहेत. एक, खताचं जुनं गोदाम. पत्रा दोन ठिकाणी गळतो, पण भिंती धडधाकट आहेत आणि लांबीही जास्त. तरी ते रस्त्यापासून आत, उद्घाटनाला शोभा येणार नाही. दुसरा, चौकातली जुनी शाळाखोली. शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून ती बायकांच्या संघटनेकडे आहे. रोज दुपारी दोनला चौदा-पंधरा बायका जमतात, पाचला उठतात. मंगलही जाते. तिथं एवढं काम काय असतं कळत नाही, महिन्याला पन्नास किलो पापडही होत नाहीत. दाराला "फक्त महिलांसाठी" अशी पाटी.

निर्णय: शाळाखोली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव. मंगलला आधी सांगायचं नाही, उगीच मन लावून घेईल.

शनिवार, १४ डिसेंबर

आजचा धडा: गावात निर्णय कुणाच्या हातात असतो, त्याचा नकाशा काढा. बायका फरशीवर मोठे कागद पसरून बसल्या. खिडकीतून मला आमच्या गावाचा कागद दिसला. मध्यभागी एक माणूस, भरघोस मिशा, गळ्यात शिट्टी, हातात शिक्का. बाकी सगळे बाण त्याच्याकडे. शेजारी कोपऱ्यात सरपंच, अगदी लहान.

हा तलाठी असावा. पण तलाठ्याला मिशा नाहीत. बायकांची चित्रकला बेताचीच.

परतताना मार्केट यार्डाजवळून पाच किलो हळकुंडं घेतली. मंगल आता घरी हळद कुटणार.

सोमवार, १६ डिसेंबर

डायरीत दहा तारखेच्या पानावर पिवळं बोट उमटलंय. मीच हळकुंडांची पिशवी उतरवून हात न धुता पान उलटलं असणार. शिस्त ढिली पडू लागली आहे. स्वतःला ताकीद.

स्वयंपाकघरातल्या डब्यांची उंचीप्रमाणे फेररचना केली. भिंतीवरच्या वेळापत्रकात "दु. ४.३०: चहा" ऐवजी "४.१५" अशी दुरुस्ती केली. मंगल म्हणाली, "चारला मी खोलीत असते." मी म्हटलं, लवकर यायचं. तिनं पदर खोचला आणि भांडी विसळायला घेतली. समंजस बाई.

शनिवार, २१ डिसेंबर

आज येताना गाडीत चांगली चर्चा झाली. मंगलनंच विषय काढला.

"आवं, तुमच्या मिल्ट्रीत समोरचा आयकतच नसंल तर काय करत्यात?"

मी खुलासेवार सांगितलं. आधी टेहळणी. शत्रूला काय हवंय ते ओळखायचं. मग आपली माणसं गोळा करायची, पण गाजावाजा करायचा नाही. सगळं लेखी ठेवायचं. आणि शेवटची गोष्ट, जी नवशिके विसरतात: शत्रूला चारी बाजूंनी कोंडायचं नाही. कोंडला की तो जीव खाऊन लढतो. त्याला माघारीचा एक रस्ता मोकळा ठेवायचा, म्हणजे तो मान राखून निघून जातो.

मागून खरखर आवाज आला. आरशात बघितलं तर राहीबाई वहीत लिहून घेत होती. पेन्सिल जिभेवर ओली करून.

"फुडं सांगा," म्हणाली.

पेठनाक्यापर्यंत सांगितलं. शिकवायचा आनंद काही औरच असतो.

मंगळवार, ३१ डिसेंबर

मंगलला घरचा अभ्यास आहे: हट्टी अधिकाऱ्यासमोर बोलायचा सराव. समोर बसायला माणूस हवा म्हणाली. मी तयार झालो. विषय विचारला तर म्हणाली, "ठरल्याला न्हाई. गटारीचा धरा."

मी हट्टी माणसाचं काम फार उत्तम केलं. ती बोलायला लागली की मध्येच तोडायचो, "त्यातलं तुम्हाला काय कळतं" म्हणायचो, उठून बाहेर जायचो, परत येऊन पाणी मागायचो. पहिल्या वेळी ती गप्प झाली. दुसऱ्या वेळी चिडली. तिसऱ्या वेळी मी तोडलं तर शांत बसून राहिली, मी दमल्यावर म्हणाली, "झालं साहेबांचं? आता माझं वाक्य पुरं करते," आणि केलं.

मी टाळ्या वाजवल्या. विचारलं, "मी हुबेहूब वठवला की नाही?"

"व्हय," म्हणाली, "सोंग केल्यासारखं वाटलंच न्हाई."

शनिवार, ४ जानेवारी

आज मानाचा प्रसंग. रेश्मा मॅडमनी मला आत बोलावलं. "काका, तुम्ही दर वेळी बाहेर बसता. पाच मिनिटं बोला." मी शिस्तीवर बोललो. पाच मिनिटांत शिस्त मावत नाही, पंचावन्न लागली. बायकांनी टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत ऐकलं.

मी बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलेलं खिडकीतून ऐकलं: "आता सांगा, या बोलण्यातून आपण काय शिकलो?" उत्तरं भराभर आली. समोरच्यांना बोलायची जागा द्यावी. घड्याळ बघावं. एकच गोष्ट चारदा सांगू नये.

एका भाषणातून एवढे धडे. बायका हुशार आहेत.

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी पोहे खाताना मंगलनं कागदांचा गठ्ठा पुढं केला. बँकेचा फॉर्म, सोसायटीचा फॉर्म, गॅसचा फॉर्म, असं काय काय.

"वाचून बघा की आवं," म्हणाली. दोनदा म्हणाली.

चष्मा आतल्या खोलीत होता. मी म्हटलं, घरच्या कागदात वाचायचं काय, सही कुठं ते दाखव. तिनं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. एका कागदाच्या दोन प्रती होत्या, त्यावर उपसरपंचाचा शिक्का हवा म्हणाली. शिक्का मी खिशातच ठेवतो. मारला. तिनं फुंकर घालून शाई वाळवली आणि घडी करून पदराला... नाही, पर्समध्ये ठेवली. हल्ली पर्स वापरते.

पोह्यांत आज शेंगदाणे जास्त होते. मला आवडतात तसे.

शुक्रवार, १७ जानेवारी. गोपनीय

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते, असा नियम आहे. ती घ्यायला वेळ कुणाला? आमच्याकडे रीत अशी की संक्रांतीनंतर सरपंचांच्या घरी हळदी-कुंकू असतं, तिथं ग्रामपंचायतीचा शिपाई धनाजी रजिस्टर घेऊन दारात उभा राहतो. बायका वाण घेतात, सही करतात, जातात. वरचं अर्धं पान कोरं ठेवलेलं असतं. त्यात नंतर सभेचा ठराव लिहायचा. वर्षानुवर्षं चाललंय. आपण कशावर सही केली हे एकीनंही कधी विचारलं नाही. न वाचता सही करायची ही बायकांची खोड मोडणं अवघड आहे.

यंदाचं आज होतं. कोऱ्या जागेत काय लिहायचं ते मी धनाजीला सांगून ठेवलं: शाळाखोली व्यायामशाळेस देण्यास महिलांची संमती.

संध्याकाळी धनाजी भेटला. "किती सह्या?"

"बावन्न, सुभेदारसाहेब."

"शाबास. यंदा गर्दी झाली म्हणायची. ठराव लिहिलास?"

त्यानं मान हलवली. होकारार्थीच असावी. घाईत होता, घाम फुटला होता. जानेवारीत.

वाण म्हणून चहाची गाळणी होती. मंगल दोन घेऊन आली.

शनिवार, १८ जानेवारी

शेवटचा शनिवार. दोघींना प्रमाणपत्रं मिळाली. राहीबाईनं आपलं प्रमाणपत्र उलटंसुलटं बघितलं आणि पाण्यानं भिजेल का म्हणून विचारलं.

जेवणानंतर राहीबाई बाजाराला गेली आणि आम्ही दोघं कृष्णेच्या घाटावर बसलो. एकतीस वर्षांत असं नुसतं बसलो नव्हतो. मंगल पाण्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आता झालं शिकून. आता शनिवारी घरी."

ती म्हणाली, "तुमी पहिल्यांदा पोस्टिंगवर गेला तवा घर मला खायला उठायचं. लय मोठं वाटायचं. मग सवय झाली. मग त्ये माझ्या मापाचं झालं."

"मग आता?"

"आता तुमी आलाय."

मी म्हटलं, "बरंच झालं की."

"व्हय," म्हणाली. आणि पाण्यात एक खडा टाकून, "बरंच झालं."

मला वाटतं, तिला सांगलीची हवा मानवली नाही. चेहरा उतरला होता.

शनिवार, २५ जानेवारी

गणवेशाला इस्त्री केली, पदकं चमकवली. उद्या ठराव म्हणजे दहा मिनिटांचं काम. इंद्रजितनं "सुभेदारकाका, सगळं पक्कं न्हवं?" असं तीनदा विचारलं. पोरगा घाबरट आहे.

मंगल दुपारी खोलीत गेली ती साडेसहाला आली. ४.१५ चा चहा मीच केला. साखर सापडली नाही. डबे उंचीप्रमाणे लावल्यापासून मलाही काही सापडत नाही, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवतो.

रविवार, २६ जानेवारी

झालं ते क्रमानं लिहितो.

झेंडावंदन झालं. दहाला ग्रामसभा. दरवर्षी समोर पुरुष आणि मागं पाच-सहा बायका असतात. आज पटांगणाची डावी बाजू बायकांनी भरली होती. मला वाटलं, जिलेबी आहे म्हणून आल्या.

इंद्रजितनं विषय वाचला. शाळाखोली व्यायामशाळेला देणे. "महिला ग्रामसभेनं याला संमती दिलेली हाय," म्हणाला. नवीन ग्रामसेविका राजेश्वरी मॅडमनी धनाजीकडून रजिस्टर घेतलं. उघडलं. बघत राहिल्या.

"वाचा की मॅडम," मी म्हटलं. "सैन्यात सगळं मोठ्यानं वाचतात."

त्यांनी वाचलं. कोऱ्या अर्ध्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: "आज दिनांक १७ जानेवारी रोजी सरपंचांच्या घरी हळदी-कुंकू झाले. वाण: चहाची गाळणी. सभा झाली नाही. कोणताही विषय सांगितला नाही. आम्ही खाली सही करणाऱ्या हळदी-कुंकवाला हजर होतो." खाली बावन्न सह्या, आणि प्रत्येक सहीपुढं, गाळणी मिळाली. गाळणी मिळाली. गाळणी मिळाली. राहीबाईच्या सहीपुढं, मिळाली पण दांडा ढिला.

पटांगण हसून लोटपोट. मी धनाजीला शोधलं. तो झेंड्याच्या खांबामागं होता. खांब बारीक, धनाजी जाड.

मग मंगल उभी राहिली. मी म्हटलं, "तुम्ही खाली बसा, विषय तांत्रिक आहे." ती थांबली. मी अजून दोन वाक्यं बोललो. ती थांबलीच. मी दमलो.

"झालं साहेबांचं? आता माझं सांगते," ती म्हणाली, आणि मला ३१ डिसेंबरचा सराव आठवला. तो गटारीचा नव्हताच.

"पुरुषांना बसायला पार हाय, सोसायटीचा कट्टा हाय, देवळाचा ओटा हाय, न्हाव्याचं दुकान हाय. बाईमाणूस हातात काम नसताना बसलंय, आसं गावात कुठं दिसतंय का? त्या खोलीत दिसतंय. पापड लाटतो त्ये खरं. पापड घरीबी लाटता येत्यात. बसता येत न्हाई."

मागनं पारावर बसणारा नाथाजी ओरडला, "घर हाय की बसायला!"

"घरात सुभेदार हाईत," मंगल म्हणाली.

एवढं गाव दहा वर्षांत हसलं नसेल. बायका तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मंगल एकटी हसली नाही. हसणं थांबेपर्यंत उभी राहिली, आणि मग सावकाश म्हणाली:

"आट्ठावीस वर्सं घर मी एकटीनं चालवलं. पोरं वाढवली, सासूसासऱ्यांचं केलं, ऊस लावला, तोडला. कुणी येळापत्रक दिलं न्हवतं. आता मिठाचा डबा कुठं ठेवायचा त्येबी भिंतीवर लिवलंय. मी तक्रार करत न्हाई. मानूस चांगलं हाय माझं. मी दोन ते पाच एवढंच मागतीया."

कुणी हसलं नाही. मी बुटांकडे बघत होतो. मी सीमेवर होतो तेव्हा घराची काळजी करायचो, आणि घर चालू होतं. हे माझ्या इतक्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली. रागही आला, आधी रागच आला, तो लपवत नाही.

मग राहीबाई उठली आणि पर्समधून... पर्स मंगलचीच, एक कागद काढून राजेश्वरी मॅडमना दिला. "ह्यो आमचा अर्ज. धा तारखेला दिलाय. पोच घेतलीया."

मॅडम म्हणाल्या, "उपसरपंचांची सही आहे. शिक्का आहे."

इंद्रजित माझ्याकडे बघत राहिला. "काका, ही तुमचीच सही हाय की वो!"

मी काय सांगणार? पोहे खात होतो म्हणून?

मॅडमनी अर्ज वाचला. मागणी पहिली: शाळाखोली महिला संघटनेकडेच ठेवावी. मी मनात लढायला सज्ज झालो. नियम, कायदा, वरचं ऑफिस, सगळं जिभेवर आणलं. मग मॅडमनी पुढचं वाचलं. मागणी दुसरी: "गावातील मुले भरतीसाठी हायवेला पळतात, ते धोक्याचे आहे. त्यांना व्यायामशाळा लवकर मिळावी. त्यासाठी खताचे जुने गोदाम द्यावे. पत्रा दोन ठिकाणी गळतो, पण भिंती धडधाकट आहेत आणि लांबीही जास्त. पत्र्याच्या दुरुस्तीला संघटनेच्या बायका श्रमदान करतील. व्यायामशाळेची देखरेख सुभेदारांकडे असावी."

मी मान वर केली. मंगल माझ्याकडेच बघत होती. पेठनाक्याच्या अलीकडे मी काय शिकवलं होतं ते मला आठवलं, आणि तिनं तो रस्ता केवढा रुंद ठेवलाय तेही दिसलं.

इंद्रजितनं हात वर करायला सांगितलं. बायकांचे सगळे हात वर. पुरुषांतलं कुणी हलेना, सगळे माझ्याकडे बघत. मी उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि हात वर केला. माझ्या मागं मग सरसर हात गेले. नाथाजीचासुद्धा.

जिलेबी खाल्ली. गोड लागली.

बुधवार, २९ जानेवारी

काल गोदाम झाडलं. बारा बायका, नऊ पोरं आणि मी. पत्र्यावर चढलेल्यांत राहीबाई पहिली. तिला सूचना द्यायला शिट्टी वाजवली तर वरून ओरडली, "सुभेदार, मेंढरं खाली न्हाईत, कुणाला वाजवताय?" शिट्टी खिशात ठेवली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं वेळापत्रक काढलं आणि गोदामात लावलं. तिथं शोभतं. भिंतीवर मात्र पांढरा चौकोन उरला. मंगल त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिनं सगळे डबे खाली काढले आणि आपल्या मनानं लावले. मी ओट्याशी उभा राहून एकही शब्द बोललो नाही. सोपं नव्हतं.

आता एक जुना हिशोब. खताच्या गोदामाचा पत्रा "दोन ठिकाणी" गळतो आणि भिंती "धडधाकट" आहेत, हे शब्द मी गावात कुणाशी, इंद्रजितशीसुद्धा, बोललेलो नाही. ते फक्त एका ठिकाणी लिहिले होते. दहा डिसेंबरचं पान उघडलं. त्यावरच्या पिवळ्या बोटाशेजारी माझं बोट ठेवून बघितलं. माझं जवळजवळ दुप्पट आहे.

मी तिला टेहळणी शिकवायची गरज नव्हती म्हणायची.

त्यामुळे आजपासून कपाटाला कुलूप नाही. डायरी टेबलावर ठेवतोय. आणि ज्या अर्थी इथं लिहिलेलं योग्य ठिकाणी पोचतं, त्या अर्थी इथंच अर्ज करतो:

प्रति, मंगल. विषय: शाळाखोलीत चहाला येण्याची परवानगी मिळणेबाबत. अर्जदार निवृत्त असून दुपारी दोन ते पाच घरी एकटा असतो. घर फार मोठं वाटतं. अर्जदार मध्ये बोलणार नाही. विचारल्याशिवाय काहीही लावणार, हलवणार किंवा दुरुस्त करणार नाही. तरी कृपया विचार व्हावा आणि पोच मिळावी.

सुभेदार (निवृत्त) बाळासो

*अर्ज मिळाला. वाचून सही करते आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी चारला यावे. शिट्टी घरी ठेवावी. येताना दांडा घट्ट असलेली गाळणी आणावी, राहीबाईची मोडली आहे. — मंगल*